साडेचार वर्षांचा झाला, तरी सगळं आम्हीच करतो

"मॅडम, त्याला एबीसीडी पाठ आहे, शंभरपर्यंत आकडे येतात, मोबाईलवर हवं ते गाणं शोधून लावतो. पण चड्डी वर ओढता येत नाही. असं कसं?"

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की थोड्याफार फरकाने हा प्रश्न घेऊन आईबाबा माझ्याकडे येतात. लहान मुलांच्या वाढीच्या अशाच तक्रारींवर मी काम करते. कुणाचं मूल हाताने जेवत नाही, कुणाचं शी झाल्यावर आतूनच हाका मारत बसतं, कुणाला शाळेतला डबा उघडत नाही म्हणून तो तसाच परत येतो. प्रश्नाच्या पोटात भीती एकच असते, आपलं मूल मागे तर पडलं नाही ना? ही गोष्ट नाशिकमधल्या एका घराची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आजी नातवाला सोन्या म्हणते, मीही तेच म्हणते.

सोन्या साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. आई बँकेत, बाबा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. सोन्याच्या जन्मापासून आजी-आजोबा निफाडकडचं गाव सोडून इथे राहायला आलेले. भेटायला चौघंही आले होते, आजोबा तेवढे बाहेर बाकावर बसले. आईच्या फोनमध्ये कुठल्याशा ॲपमधली यादी होती: या वयात मुलाला काय काय यायला हवं. तिने एकेका ओळीपुढे फुली मारत आणली होती. बटणं लावणं, फुली. बुटाची नाडी, फुली. स्वतः जेवणं, फुली. यादी दाखवताना तिचा आवाज कापत होता.

यायचं कारण मात्र शाळा. सोन्या शाळेत शूला जातच नव्हता. साडेआठ ते साडेबारा दाबून धरायचा. दोनदा वर्गातच झाली. दुसऱ्या वेळी शेजारच्या मुलाने "शी, याने शू केली" असं ओरडून सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर रोज सकाळी रडारड, आणि वॉटर बॅग भरलेली तशीच परत. शू येऊ नये म्हणून तो पाणी पिणंच टाळत होता. साडेचार वर्षांच्या मुलाने स्वतःच्या डोक्याने शोधलेला तो उपाय होता. ऐकून मला फार वाईट वाटलं. शाळेने वहीत एक ओळ लिहून पाठवली होती, पालकांनी लक्ष द्यावे.

अशा वेळी मी यादीतल्या फुल्यांकडे नंतर बघते, आधी घरातला दिवस समजून घेते. त्यासाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरते. मूळची अमेरिकेतल्या एडगर डॉल यांची, १९३५ सालची. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली आणि आजही आपल्याकडे ती सर्रास वापरली जाते. हिची मला आवडणारी गोष्ट अशी की यात मुलाला समोर बसवून परीक्षा घेत नाहीत. त्याला रोज पाहणाऱ्या माणसाशी बोलतात. खाणं, कपडे, फिरणं, बोलणं, इतरांत मिसळणं, स्वतःचं स्वतः ठरवणं, एकेका बाबतीत विचारतात. आणि विचारायचं ते 'जमेल का' असं नाही, 'रोज करतो का' असं. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत कधी कधी वर्षा-दीड वर्षाचं अंतर निघतं.

सोन्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं. बोलणं उत्तम. अनोळखी माणसालाही प्रत्येक शब्द कळेल असं. शेजारच्या मुलांशी लुटुपुटूचे खेळ, जिना चढणं-उतरणं, चेंडू झेलणं, सगळं वयाला साजेसं. माझ्याकडच्या मातीच्या त्याने बारीक बारीक अळ्या वळल्या, स्टिकरची कड नखाने उचलून पूर्ण सोलला. बोटांत कसलीही कमतरता नव्हती. पण खाणं आणि कपडे या दोन बाबतींत त्याचा दिवस दोन वर्षांच्या मुलाचा होता.

निघताना बूट घालायची वेळ आली तेव्हा कारणही समोर दिसलं. सोन्या बुटक्या खुर्चीवर बसला, दोन्ही पाय सरळ पुढे केले आणि डायनोसॉरची गोष्ट सांगत राहिला. एका पायात आईने मोजा चढवला, दुसऱ्यात आजीने. बाबा बूट उघडून धरून उभे. अर्ध्या मिनिटात काम उरकलं. सोन्याने एकदाही पायाकडे पाहिलं नाही आणि आपण काही केलं असं त्या तिघांच्याही लक्षात आलं नाही.

मी कुणालाच दोष देत नाही. सकाळी पावणेआठला आईला निघायचं असतं, व्हॅन खाली उभी राहून हॉर्न वाजवत असते. त्या वेळी मुलाला "तुझं तू घाल" म्हणणं कुणालाही परवडत नाही. पण सकाळची ती घाई हळूहळू संध्याकाळी, रविवारी, मे महिन्याच्या सुट्टीतही तशीच चालू राहते. मुलाला वाटतं, कपडे हे अंगावर होणारं काहीतरी आहे, आपण करायचं काम नाही. मग शाळेच्या संडासात तो एकटा उभा राहतो. अंगात हूक आणि चेनची हाफ चड्डी, घरी कमोड आणि इथे देशी भांडं, आणि आजी नाही. तो दाबून धरणार नाही तर काय करणार?

सगळ्यात आधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. शू दाबणाऱ्या मुलाच्या शीबद्दल विचारायचंच असतं. बऱ्याचदा ती दोन्ही दाबतात. सोन्याला तीन-तीन दिवसांनी खडा होत होता. आतडं भरलेलं असलं की ते मूत्राशयावर दाब देतं, मग कपडे ओले होणं वाढतं. लघवीत संसर्ग होऊ शकतो तो वेगळाच. संसर्ग नव्हता. डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं औषध दिलं आणि दुधाचे चार ग्लास दोनवर आणले. आजी म्हणाली, "जेवत नाही म्हणून तर दूध देते ना!" दूध पोटात असतं म्हणून तो जेवत नाही, ही उलटी बाजू डॉक्टरांनीच तिला समजावली. ते बरं झालं, माझ्यापेक्षा त्यांचं तिने लवकर ऐकलं.

मग चड्डी. यादीतलं बाकी सगळं बाजूला ठेवून ही एकच गोष्ट घेतली, कारण शाळेतलं दुखणं तिच्यापाशी होतं. शाळेशी बोलून गणवेशाच्याच रंगाची इलॅस्टिकची चड्डी शिवून घेतली. टीचरनी मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं त्याला मावशींबरोबर पाठवायचं कबूल केलं. गर्दी नाही, कुणी बघत नाही. टीचरना परिस्थिती नीट सांगितली की बहुतेक जणी आपणहून मदत करतात, असा माझा अनुभव आहे. वहीतल्या एका ओळीला दुसऱ्या ओळीने उत्तर देत बसू नका, समक्ष जाऊन बोला.

घरी सराव संध्याकाळी, आंघोळीनंतर. सकाळी अजिबात नाही. आणि शिकवायचं उलट्या टोकाकडून, म्हणजे शेवटची पायरी आधी. मोठ्याने दोन्ही पाय चड्डीत घालून ती गुडघ्यापर्यंत आणायची, तिथून वर ओढायची ती सोन्याने. त्यामुळे काम पूर्ण होण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. ते जमलं की घोट्यापासून. मग बुटक्या स्टुलावर बसून स्वतः पाय घालायचे. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल अर्ध्यात अडकतं, आपण पुढे होऊन पूर्ण करतो, आणि मुलाच्या लक्षात राहतं ते फक्त अडकणं.

ही जबाबदारी बाबांनी घेतली. संध्याकाळची आंघोळ त्यांची ठरली. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "वर ओढतो, पण मागून अर्धी खालीच राहते." मी त्यांना हात बघायला सांगितले. सोन्या दोन्ही मुठींनी पुढचीच कड धरत होता. बहुतेक मुलं हेच करतात. एक हात पोटावर, एक हात पाठीमागे, दोन्ही अंगठे इलॅस्टिकच्या आत, एवढंच दाखवायचं होतं. बाबांनी मागून त्याचा हात धरून तो कमरेमागे नेऊन ठेवला. दोन-चार दिवस असं केल्यावर हात आपणहून मागे जायला लागला. 'कर, कर' असं शंभरदा म्हणण्यापेक्षा हात कुठे अडतोय ते वाकून पाहणं जास्त उपयोगाचं.

आणखी एक सूचना दिली होती: सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. सात-आठवर हात पुढे जायला लागतो आपला, तो आवरा. बाबा म्हणाले, सगळ्यात अवघड हेच गेलं.

खरी अडचण जेवणापाशी आली, आणि इथे मी मुद्दाम थोडी जास्त थांबते.

सोन्याला आजी भरवायची. दोन्ही वेळा, समोर मोबाईल, एकेक जेवण तासभर. आईचा आणि आजीचा यावरून रोज खटका. आई म्हणायची, "आईंनी सवय लावलीय." आजी म्हणायची, "मी नाही भरवलं तर पोराच्या पोटात काही जाणारच नाही." दोघीही माझ्याकडे अशा बघत होत्या की मी निकाल द्यावा.

आजीशी मी एकटीने बोलले. तिला मी विचारलं, "आजी, तुमची मुलं या वयाची होती तेव्हा कशी जेवायची?" ती म्हणाली, "कुठलं ताई. मी छाटणीला बागेत. थोरला चार वर्षांचा होता, ताटलीत भाकरी कुस्करून ठेवायचे, तो खायचा, धाकट्यालाही द्यायचा." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "माझ्या पोरांना मी बसून घास भरवलाच नाही. वेळच नव्हता."

घरात सहा महिने भांडण चाललं होतं ते सवयीचं आहे असं सगळे समजत होते. या बाईला आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाजवळ तासभर बसायला मिळालं होतं, आणि आपण तिला सांगत होतो की ते चुकीचं आहे. "मग मी इथं कशाला आलेय?" असं ती सुनेला म्हणाली होती, ते सुनेला टोमण्यासारखं लागलं होतं. ते वाक्य शब्दशः खरं होतं. मूल आपल्या पायावर उभं राहतं तेव्हा मोठ्यांच्या हातातलं काहीतरी जातं. ज्याच्या हातातून जाणार आहे त्याच्याशी आधी बोलल्याशिवाय कुठलीही योजना घरात टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ठरलं ते असं. पहिला घास आजीचा. रोज, दोन्ही वेळा, आजीच्याच हातचा. पुढचं ताट सोन्याचं. आजोबा जेवतात तेव्हा त्यांच्या शेजारी पाट मांडून, खाली वर्तमानपत्र पसरून. मोबाईल दुसऱ्या खोलीत, बाबांचासुद्धा. सुरुवात कोरड्या गोष्टींनी: पोळीचा रोल, भेंडीची भाजी, इडली, काकडी. वरणभात नंतर, चमच्याने. काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते सोन्याने. अर्ध्या तासाने ताट उचलायचं, न रागावता. पुढच्या वेळेपर्यंत बिस्किट नाही, दूध नाही.

आणि आजीकडे एक नवं काम. स्वयंपाकघरात सोन्याला मदतनीस घ्यायचं. मटार सोलणं, लसूण सुटा करणं, कोथिंबिरीची पानं खुडणं, कणकेचा गोळा मळणं. बोटांची ताकद वाढवायला बाजारात महागड्या खेळण्यांचे संच मिळतात. शेंग दाबून फोडताना अंगठा आणि पहिलं बोट जसं चालतं तसंच बटणाला आणि पेन्सिलीला लागतं. हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर आम्ही करतच होतो की." बरोबरच होतं तिचं. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा हातपाय धुणं, केस विंचरणं, झाडणं हेही शिक्षणच मानलं होतं. आता तीन वर्षांच्या मुलाला आपण आकडे लिहायला बसवतो आणि नळाखाली हात धुणं मात्र मोठेपणी येईलच म्हणून सोडून देतो. मला हे मनापासून खटकतं.

पहिले काही दिवस वाईट गेले. सोन्या चार घास खाऊन उठायचा. आजी मला फोन करून रडली. एका रात्री तिने भात कालवून भरवलाही, आणि सून ते पाहूनही काही बोलली नाही. नंतर सून मला म्हणाली, "त्या दिवशी मला पहिल्यांदा आईंचं वाईट वाटलं." वजन नीट होतं, डॉक्टरांचा तक्ता ठीक होता, म्हणून आम्ही पुढे जाऊ शकलो. वजन घसरत असेल तर हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. दूध कमी झाल्याचा परिणाम हळूहळू दिसायला लागला, भूक लागली की तो स्वतः पाट ओढून आणायला लागला. मग दिवाळीत आत्या आली, भाच्याला आठ दिवस मांडीवर बसवून भरवलं आणि गाडी मागे गेली. तेही चालायचंच. आत्या गेल्यावर पुन्हा पाट मांडला.

शाळेतलं रडणं त्याआधीच थांबलं होतं. इलॅस्टिकची चड्डी, रिकामं संडास आणि दारात उभ्या मावशी, एवढ्याने. शी मात्र तो अजून घरीच करतो आणि धुवायला कुणीतरी लागतं. या वयाला ते चालतं. मग्ग्याने पाणी ओतून डाव्या हाताने धुणं, मग साबणाने हात धुणं, हे मोठ्यांच्या देखरेखीत सुरू करायचं. पूर्ण स्वच्छ जमायला पाच-साडेपाच वर्षं लागली तरी काळजी नको.

आईच्या यादीबद्दलही सांगायला हवं. तिच्या ॲपमध्ये चार वर्षांपुढे बुटाची नाडी लिहिली होती. बहुतेक मुलांना नाडी बांधायला सहाव्या वर्षाच्या आसपास जमतं, कित्येकांना त्यानंतर. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ साली आपली यादी सुधारली आणि त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं जे करतात तेच त्या वयापुढे ठेवलं. त्या यादीत सैलसर चड्डी स्वतः घालणं तीन वर्षांपुढे आहे, काही बटणं सोडवणं चारपुढे आणि लावणं पाचपुढे. म्हणजे सोन्याच्या नावापुढच्या निम्म्या फुल्या मुळात चुकीच्या होत्या. मी तिला ते ॲप काढून टाकायला सांगितलं. तिने माझ्यासमोरच काढलं.

मात्र "करायला दिलं की येईल" हे प्रत्येक मुलाला लागू होत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना कळत नसेल, नाव घेतल्यावर ते वळून बघत नसेल, इतर मुलांत रमतच नसेल, वारंवार धडपडत असेल, एकच हात वापरून दुसरा लटकता ठेवत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरायला लागलं असेल, तर घरी सराव करत थांबू नका. तपासून घ्या. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, ही तपासणी मोफत असते. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, आणि पुढच्या तपासण्यांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीताईंना विचारा, तारीख त्या सांगतील.

गेल्या भेटीत आईने जाता जाता विचारलं, रात्री गादी ओली करतो त्याचं काय? दिवसा कोरडं राहणं आणि रात्री कोरडं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रीचं शिकवून येत नाही, शरीर तयार व्हावं लागतं. पाच वर्षांच्या साधारण सहा-सात मुलांमागे एकाची गादी ओली होते, आणि पाच पूर्ण होईपर्यंत डॉक्टर त्याला आजार धरत नाहीत. झोपण्याआधी शू, संध्याकाळनंतर पाणी बेताचं, पण दिवसभर भरपूर. गादीवर रबरी शीट. सकाळी त्यावरून एक शब्दही नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, शू करताना दुखतं म्हणालं किंवा एकाएकी फार पाणी प्यायला लागलं, तर न थांबता लगेच डॉक्टरांना दाखवा.